सोमवारचं दूध

आमच्या गावात महादेवाला सोमवारचं पहिलं दूध शंकरप्पा शेटच्या घरचं. मी त्या घरची सून, शिवकांता. माझ्या सासऱ्याच्या आज्यापासून हा मान चालत आलाय. आन् दूध घेऊन जायचं ते घरातल्या लेकीनं, सुनेनं न्हाई. सून काय, बाहेरून आलेली, असं आमच्या आत्याबाईचं, म्हणजे माझ्या सासूचं म्हणणं. नणंदबाई लग्न होऊन उदगीरला गेल्या तवा हे काम माझ्या शिवानीकडं आलं. पाच वर्षाची होती तवापासून ती पितळेची चरवी घेऊन देवळाच्या पायऱ्या चढती. यंदा तिला आठवं लागलं.

सासरे होते तवा आमचं किराणा दुकान होतं. ते गेले आन् दुकानबी गेलं, पाटी तेवढी राहिली दारावर. गाव अजून आमच्या मालकाला, सिद्धेश्वरला, शेटच म्हणतंय. शेटच्या चपलेला तार बांधलेली हाय, पण शेट ते शेट. आन् मी शेटाणी. तोंडाची मी पहिल्यापासून फाटकी. गावात कोणी आमच्या घराला एक बोललं तर मी चार सुनवायची. त्या तोंडाचा मला लई गर्व होता. आज तेच तोंड कुठं लपवावं कळत न्हाई.

यंदा भादव्यात पावसानं कहर केला. ओढ्याचं पाणी चार दिवस रानातून हाललं न्हाई. तीन एकर सोयाबीन उभं सडलं, शेंगाला झाडावरच मोड आले. गोठ्याचे पत्रे उडाले आन् कडबा भिजून काळा पडला. म्हैस त्याला तोंड लावीना. नुसती दाव्याला बांधल्या जागी हंबरत राहायची. शेवटी मालकानं तिला हाळीच्या जनावराच्या बाजारात नेली आन् दावं खांद्यावर टाकून एकटे परत आले.

आत्याबाईनं दारातच इचारलं, "लोकायला काय सांगायचं?"

म्हैस गेल्याचं दुःख मागून. आधी हे. आन् उत्तर कोणी दिलं? मीच दिलं. "सांगायचं, नणंदबाईकडं चारायला धाडली. तिकडं वैरण हाय. दूधबी तिकडून येतंय म्हणायचं."

मालक म्हणले, "कामून खोटं बोलायचं? औंदा सगळ्यायचंच गेलंय."

"सगळ्यायच्या घरचं दूध महादेवाला जातंय का?" मी म्हणलं. मंग त्यायनं दावं खुंटीला अडकवलं.

तवापासून माझा रोजचा एक कारभार झाला. दिवस उगवला की चरवी घेऊन दारात बसायचं आन् राखेनं घासायची. दूध काढून आत्ताच रिकामी केली, असं जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसलं पाहिजे. "किती घासतीस गं," म्हणून कोणी हसलं की, "दुधाचं भांडं हाय बाई, वास राहतो," असं ठेवून द्यायची. घरात मात्र काळा चहा. लेकरायलाबी तोच, त्यात भाकरीचा चुरा.

सोमवारचं दूध एकदाबी चुकवलं न्हाई. रविवारी सांजच्याला मालक दुसऱ्या गावच्या डेअरीवर जायचे. अर्धा लीटर दूध पिशवीत बांधून, सदऱ्याच्या आत घालून आणायचे. ते चरवीत ओतायचं आन् चरवी गार पाण्याच्या घमेल्यात ठेवायची. धाकटा महांतेश दीड वर्षाचा. दूध दिसलं की हात पुढं करून रडायचा. "देवाचं हाय रे बाबा," म्हणत आत्याबाई त्याला उचलून बाहेर न्यायच्या. मी रिकामी पिशवी पाण्यानं विसळायची आन् ते पांढरं पाणी त्याला वाटीनं पाजायची. शिवानी बाजूला उभी राहून बघायची. तिनं कधी मागितलं न्हाई. मला वाटायचं, पोरगी लई शहाणी हाय.

दसऱ्यानंतर घरातली ज्वारी तळाला गेली तवा कामाला जाणं आलं. उंचावरची रानं वाचली होती, तिथं सोयाबीन काढायला माणसं मिळत नव्हती. पण आपल्या गावात आपण दुसऱ्याच्या रानात वाकायचं? शेट-शेटाणीनं? आम्ही दोघं उजाडायच्या आधी फाट्यापर्यंत चालत जायचो. तिथं मुखेडकडच्या मजुराच्या एका टोळीचं पिकअप यायचं, त्यात मागं उभं राहून जायचो. साडीवर मालकाचा जुना सदरा, तोंडाला दस्ती बांधलेली, नुसते डोळे उघडे. धुळीनं आन् उन्हानं सगळ्याच बाया बांधतेत, पण मी ती जेवतानाबी सोडत नव्हते. सगळ्यायकडं पाठ करून दस्तीच्या खालून घास घालायची. गावात सांगितलं, म्हशीकडं जातो. रोज उठून म्हशीकडं कोण जातंय? लोकं आंधळी थोडीच हायत! पण तोंडावर कोणी बोललं न्हाई, आन् मला वाटलं, झाकलं.

घरी आत्याबाई. त्यायच्या दोन्ही डोळ्यात मोतीबिंदू. म्हणून महांतेशचा जिम्मा शिवानीवर. दिवाळीची सुट्टी लागली होती, तवा शाळा बुडायचाबी सवाल नव्हता. शाळा होती तवर दुपारी खिचडी मिळायची तिला. ती काय खाती, किती खाती, मला कधी इचारावं लागलं न्हाई. सुट्टी लागली आन् ती खिचडीबी बंद झाली. पण हे माझ्या ध्यानातच आलं न्हाई. सुट्टी म्हणजे लेकरं खुश, एवढंच मला मालूम.

संध्याकाळी परत आलो की हाताच्या बोटाला चिरा पडलेल्या असायच्या, मिठाचा हात लागला की जीव जायचा. कंबर सरळ होत नव्हती. आन् शिवानी कधी बघावं तवा भितीला टेकून बसलेली. महांतेश शेजारी धुळीत, हातात चिप्सचं रिकामं पाकीट. भांडी तशीच पडलेली.

"दिवसभर बसूनच राहतीस का गं? भांडी कोण घासायची, तुझी मावशी?"

"त्याला उचललं की दम लागतो, आई."

"आठ वर्षाच्या पोरीला कसला आलाय दम! मी तुझ्याएवढी होते तवा दोन घागरी पाणी आणायची."

ती उठायची. भितीला धरून, टेकत टेकत मोरीपर्यंत जायची. मी बघत होते. बघून बी आळशी म्हणत होते.

एका रविवारी अंगणवाडीच्या तनुजाताई आल्या. महांतेशच्या दंडाला त्यायनं ती दंड मोजायची रंगाची पट्टी लावली. "पिवळ्यात हाय वहिनी. थोडं अजून गेलं की लालमधी," म्हणल्या. मंग त्यायचं ध्यान उंबऱ्यावर बसलेल्या शिवानीकडं गेलं. "ही अशी पांढरी कामून दिसून राहिली?" त्यायनं तिच्या डोळ्याखालची कातडी बोटानं खाली ओढली. आत लाल काहीच नव्हतं. तळहात उलटा करून बघितला. नखं दाबून बघितली.

"वहिनी, हिला उद्याच्या उद्या दवाखान्यात न्या. रक्त लई कमी वाटून राहिलं. अंडं तुमच्यात चालत न्हाई, ते मला ठावं हाय. पण दूध, डाळ, शेंगा? खरं सांगा, मी कोणाला बोलणार न्हाई. मी वर कळवते, दोन्ही लेकरायची नावं घालते. भरती करून खाऊ-पिऊ घालतेत, दवा देतेत."

हे सगळं दारात चाललेलं. समोरच्या ओट्यावर दोन बाया शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यायचे हात थांबले.

झालं, माझ्या अंगाची लाही लाही झाली. "नावं घालताव? आमच्या लेकरायची? कुपोषणाच्या यादीत? तनुजाताई, हे कोणाचं घर हाय जरा बघून बोला. सगळ्या गावाच्या महादेवाला दूध घालणारं घर हे. आमच्या लेकरायला दूध न्हाई होय?"

"तसं न्हाई वहिनी, म्हैस तर इथं..."

"नणंदेकडं हाय. रोज डबा येतोय. शिवानी पेलाभर पिती सकाळ-संध्याकाळ. पोरगी अंगानंच बारीक हाय, माझ्या माहेरावर गेली."

तनुजाताईनं माझ्याकडं बघितलं. मंग वहीत लिहिलं आन् "बरं" म्हणून उठल्या. जाताना लोहाच्या गोळ्याची पट्टी ठेवून गेल्या. समोरच्या बायाचे हात परत चालू झाले. मी आत गेले तवा मला वाटलं, आज घराची इज्जत राखली. गोळ्याची पट्टी मी फळीवर टाकली. गोळ्या घेतल्या की आजारीपणा कबूल केल्यासारखं व्हतंय. तिथंच राहिली ती.

त्याच आठवड्यात आम्ही ज्या रानात गेलो ते चांगल्या मोठ्या घराचं निघालं. दुपारी मालकीण स्वतः ताकाची घागर घेऊन बांधावर आली. मी कापलेल्या सोयाबीनचा ढीग लावत होते. ती माझ्या डोळ्याकडं बघतच राहिली.

"तुम्ही शंकरप्पा शेटच्या सूनबाई ना? मी सुकन्या. तुमच्या नणंदेच्या वर्गात होते. तुमच्या लग्नात जेवून गेले की मी."

"न्हाई बाई," मी म्हणलं. "माणसासारखं माणूस असतंय." आवाजबी बदलला. मालक दहा हातावर इळा घेऊन बसले होते. त्यायनं मान वर केली न्हाई.

"असंल," ती म्हणली. तरी ताकाचा पहिला तांब्या तिनं माझ्याच पुढं ठेवला, वर गुळाचा खडा. लोणी तरंगत होतं ताकावर. दोन महिन्यात असलं काही बघितलं नव्हतं. पण प्यायचं तर दस्ती सोडावी लागती, आन् ती बांधावरच उभी. "मला खोकला हाय," म्हणून मी तांब्या शेजारच्या बाईकडं सरकवला. ती बाई घटाघटा प्याली. मी तिच्या गळ्याकडं बघत होते.

गूळ तेवढा कनवटीला लावला, लेकरायसाठी. घरी येईस्तोवर तो घामानं पाघळला आन् साडीत मुरला. कनवट सोडून बघितली तर नुसता चिकट डाग. शिवानी जवळ आली, साडीचा तेवढा कोपरा तोंडात धरला आन् चोखत राहिली. मी हसले, खोटं कशाला बोलू. तिचं तोंड उघडं बघितलं तवा मात्र दचकले. जीभ पांढरी फक्क. दातायला पांढरं लागलेलं.

"काय खाल्लंस?"

मी तिचं दप्तर उलटं केलं. पाटीवरच्या पेन्सिलीचा डबा सुट्टीच्या आधी आणलेला, त्यात दोन तुकडे राहिले होते. चुलीच्या मागची माती बोटानं कोरलेली दिसली, चांगली हातभर.

"माती खाती? शेटच्या घरची पोरगी माती खाती?"

"चांगली लागती आई," ती म्हणली. "पोटात बरं वाटतंय."

मी दोन ठेवून दिल्या. तिसरी पाठीत. ती रडली न्हाई. रडायलाबी जोर लागतो, हे मला तवा कळलं न्हाई. नुसती तोंड उघडं टाकून धापा टाकत राहिली. आत्याबाई म्हणल्या, "जंत झाले असतील गं, वावडिंग दे उगाळून." मंग त्यायनं आपल्या ताटातली अर्धी भाकर चाचपत तिच्याकडं सरकवली. त्या रोजच सरकवत होत्या म्हणे. म्हातारी अर्धपोटी राहत होती आन् मला पत्ता न्हाई.

मालक रात्री जेवता जेवता म्हणले, "सोमवार झाला की दवाखान्यात नेऊ."

सोमवार झाला की. आमच्या घरात सोमवारच्या आधी काही होत नव्हतं.

तो कार्तिकातला सोमवार. देवळात सगळा गाव. शिवानीला पहाटे गार पाण्यानं आंघोळ घातली तर तिचे ओठ निळे पडले, दात वाजायला लागले. परकर कंबरेला थांबंना, म्हणून मी नाडीला दोन वेढे दिले. चरवी हातात दिली तवा ती म्हणली, "आई, आज तू ने ना. पाय भरून आलेत."

"सुनेनं न्यायचं असतंय का? चल. दहा मिनिटाचं काम. मंग दवाखाना."

ती पुढं, मी मागं. गल्लीतून जाताना लोकं बाजूला होत होते, "आलं गं, शेटचं दूध आलं," म्हणत होते. मला ते ऐकायला गोड लागायचं. तिच्या मानेवरची शीर टुकटुक उडताना मला दिसत होती. वाटलं, लगबगीनं चालून राहिली म्हणून.

देवळाला अकरा पायऱ्या. चौथ्या पायरीवर ती थांबली, एका हातानं कठड्याला धरलं. मी मागून हळूच म्हणलं, "चल की गं, लोकं थांबलेत." दोन पायऱ्या अजून चढली. सातव्या पायरीवर पाऊल टाकलं आन् खाली बसावं तशी बसली. मंग आडवी झाली. चरवी हातातून सुटली आन् ठणठण वाजत खाली आली. अर्धा लीटर ते काय दूध, पण पायऱ्यावर पसरलं तवा केवढं दिसलं.

आता जे सांगायचं ते सांगते. मी धावले. माझं लेकरू सातव्या पायरीवर पडलं होतं आन् चरवी तिसऱ्या पायरीवर. मी आधी चरवी उचलली. उभी केली. आत वाकून बघितलं, दूध काही राहिलं का. झाकण हुडकलं, पदरानं पुसलं, लावलं. सगळा गाव बघत होता. मला वाटलं गाव दुधाकडं बघून राहिलाय.

पुजारी रामलिंग स्वामी गाभाऱ्यातून तसेच ओल्या हातानं खाली आले. त्यायनं शिवानीचं डोकं मांडीवर घेतलं. वर बघितलं तर मी चरवी पोटाशी धरून उभी.

"शिवकांता," ते म्हणले, "ती चरवी ठेव खाली. लेकरू धर."

एवढंच. ओरडून न्हाई, साध्या आवाजात. मी ठेवली. खाली बसले तवा पोरीचं अंग गार लागलं आन् इतकं हलकं लागलं की मीच घाबरले. किती दिवसात मी तिला उचलूनच घेतलं नव्हतं. बाया कुजबुजायच्याबी बंद झाल्या होत्या. कोणी हसलं असतं, बोललं असतं तर बरं झालं असतं, मी दोन शब्द सुनावले असते.

गर्दीतून तनुजाताई पुढं आल्या. त्यायनं जीप बोलावली. मालकाला म्हातारी आन् महांतेशजवळ ठेवलं आन् त्या स्वतः माझ्यासंगं बसल्या. तालुक्याच्या डॉक्टरनं शिवानीच्या छातीला नळी लावून ऐकलं आन् लगेच ॲम्ब्युलन्सनं नांदेडला धाडलं. वाटंत तनुजाताई शिवानीचे पाय चोळत बसल्या. मला म्हणावं वाटत होतं, ताई, त्या दिवशी मी खोटं बोलले. तोंडातून निघंना. चार सुनवणारं तोंड माझं!

नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात लेकरायच्या वॉर्डात जागा मिळाली. एका रांगेत दहा-बारा खाटा, प्रत्येक खाटंजवळ एक आई, कोणाची आज्जी. शिवानीच्या हाताला सुई लावली. रक्त काढलं ते मी बघितलं, गुलाबी पाण्यावाणी होतं. तासाभरानं डॉक्टरीणबाई आल्या. तरुण पोरगी, डोळ्याखाली जागरणाचं काळं.

"हिमोग्लोबिन चार आहे," त्या म्हणल्या. "बारा पाहिजे तिथं चार. हृदयावर ताण आलाय. अजून आठ दिवस गेले असते तर मी काही सांगू शकले नसते. रक्त चढवावं लागेल, ते मागवलंय." मंग हातातला कागद वाचायला लागल्या. तनुजाताईनं वहीतलं लिहून दिलेलं होतं ते. "पण इथं लिहिलंय, घरी म्हैस आहे, मुलगी रोज दोन वेळा दूध पिते. खरं आहे का हे?"

तनुजाताई खाली बघत होत्या.

"खाणंपिणं चांगलं असताना रक्त इतकं खाली जात असेल तर मला वेगळा आजार शोधावा लागेल," डॉक्टरीणबाई म्हणल्या. "हाडाच्या आतलं तपासावं लागेल. कंबरेच्या हाडात सुई घालून काढतात. लहान मुलीला त्रास होतो, पण करावंच लागेल. म्हणून नीट सांगा."

मी शिवानीकडं बघितलं. ती जागी होती. डोळे माझ्यावर. शेजारच्या खाटंवरची बाई आपल्या लेकराला वारा घालायची थांबली होती. पलीकडची आज्जी कान देऊन बसली होती. मी बोलायच्या आधी डॉक्टरीणबाईनंच वाकून तिला इचारलं, "काय गं शिवानी, सकाळी उठल्यावर काय खातेस तू?"

"दूध पिते," शिवानी म्हणली. आवाज निघत न्हाई, तरी म्हणली. "पेला भरून. आमची म्हैस हाय. आत्याकडं चारायला गेलीय."

मी तिला हे कधी शिकवलं न्हाई. अमुक सांग, तमुक सांगू नको, असं एकदाबी म्हणलं न्हाई. ती दारात बसून ऐकत होती, एवढंच.

"आणि दुपारी?"

"भात. वरण. तूप." ती जरा थांबली, दम घेतला. "तूप लई असतंय आमच्यात."

तिच्या ताटात तूप पडलेलं मला आठवत नव्हतं. हाडात सुई घालून घ्यायला निघाली होती पोरगी, घराची इज्जत राखायला. मी खाटंचा लोखंडी दांडा धरला.

"न्हाई मॅडम," मी म्हणलं. "म्हैस न्हाई. भादव्यातच विकली. दूध न्हाई, वरण न्हाई, तूप न्हाई. भाकर आन् काळा चहा, तोबी पोटभर न्हाई. शाळेतली खिचडी होती ती सुट्टीत बंद झाली. लेकरू पेन्सिली खाऊन राहिलं, चुलीची माती खाऊन राहिलं. मी मारलं तिला त्याच्यापायी. ह्या ताईला मी खोटं सांगितलं. त्यायचा काही दोष न्हाई."

शिवानीचा सुई न लावलेला हात हळूहळू माझ्याकडं सरकला. मला वाटलं, हात धरायला आला. तिनं माझा पदर ओढला. मी वाकले.

"आई, हळू बोल ना," ती कानात म्हणली. "लोकं ऐकून राहिलेत."

डॉक्टरीणबाई म्हणल्या, "किती दिवसांपासून पोटभर जेवण नाही? मला नीट ऐकू आलं नाही."

मी सरळ उभी राहिले. "दोन महिने," मी म्हणलं, वॉर्डाच्या त्या टोकाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "दोन महिने झाले, माझं लेकरू उपाशी हाय."

डॉक्टरीणबाईनं कागदावरचं खोडलं आन् दुसरं लिहिलं. हाडातल्या सुईचं राहू द्या म्हणल्या. शेजारच्या बाईनं पुन्हा वारा घालायला सुरुवात केली. शिवानीनं माझा पदर सोडला, तोंड भितीकडं केलं आन् चादर डोक्यावरून ओढून घेतली. मी दोनदा हाक मारली. रक्ताची पिशवी आली, ती संपेस्तोवर तिनं तोंडावरची चादर काढली न्हाई.